आपला संघ नसलेली फायनल

२९ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये मी पुरुषांच्या हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. जर्मनी विरुद्ध बेल्जियम. आजवर पाहिलेला सर्वांत मोठा सामना कोणता असं कुणी विचारलं की मी याच सामन्याचं नाव घेते, आणि आमच्या घरात लगेच वाद पेटतो.

वाद माझ्या मामाशी. मामा खडकीचा. ज्या वस्तीतून धनराज पिल्ले देशाच्या संघापर्यंत पोचला, त्याच वस्तीत मामाचं आयुष्य गेलं. मैदानावर रोज हजेरी लावणारा, हाफच्या जागेवर खेळलेला, आणि अजूनही टीव्हीसमोर बसला की उजव्या हाताचं मनगट आपोआप वळवणारा माणूस. १९७५ चा विश्वचषक अंतिम सामना त्याने शाळकरी वयात रेडिओवर ऐकला. त्याच्या मते, ज्या फायनलमध्ये आपला संघ नाही ती आपली फायनल नाही. माझं मत वेगळं आहे, आणि ते त्या एका रात्रीत तयार झालं. आमचं हे बोलणं वर्षभर तुकड्यातुकड्यांनी चालतं. ते इथे सलग मांडते आहे.

मामा: रजा काढलीस, पैसे खर्च केलेस, पुण्याहून भुवनेश्वर गाठलंस. का, तर जर्मनी आणि बेल्जियम बघायला. टाळ्या कुणासाठी वाजवल्यास ते तरी सांग.

मी: दोघांसाठी. तिकीट काढलं तेव्हा भारत अंतिम फेरीत असेल अशी आशा होतीच की. ती २२ जानेवारीला संपली. न्यूझीलंडने क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीआधीच्या बाद सामन्यात, आपल्याला घरी बसवलं.

मामा: त्या सामन्याचं नाव काढू नकोस. ३-१ ने पुढे होतो.

मी: काढणारच, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. न्यूझीलंडविरुद्ध आपलं ३-३ झालं आणि शूटआउटमध्ये आपण ५-४ असे हरलो. बरोबर सात दिवसांनी, त्याच मैदानावर, फायनलही ३-३ झाली आणि शूटआउट ५-४ असाच सुटला. आकडे हुबेहूब तेच. पहिला सामना मी घरी टीव्हीवर पाहिला. त्यातलं मला आज काय आठवतं? शूटआउट चालू असताना गोलरक्षक श्रीजेशला दुखापत झाली आणि त्याच्या जागी कृष्ण पाठक आला, एवढं. बाकी वेळ मी चेहरा ओढणीत लपवून बसले होते. तिसरा गोल आपल्यावर कसा झाला, आपली फळी कुठे उघडी पडली, काही सांगता येणार नाही. आणि फायनल? ती मी तुला मिनिटामिनिटाने सांगू शकते.

मामा: मग उत्तर तूच दिलंस. ज्या सामन्यात डोळे झाकावे लागले, तो तुझा सामना. दुसरा तू नुसता बघितलास.

मी: नुसता बघितला असं म्हणू नकोस. बघणं ही काय कमी गोष्ट आहे?

मामा: कमी नाही, पण फायनल म्हणजे तेवढंच नसतं. फायनल ही त्या दिवशी सुरू होतच नाही, ती काही वर्षं आधी सुरू झालेली असते. १९७३ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये, ॲम्स्टलव्हीनला, आपण नेदरलँड्सविरुद्ध २-० ने पुढे होतो. सुरजित सिंगने सुरुवातीलाच दोन गोल ठोकले होते. त्यांनी २-२ केलं. जादा वेळेत आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, गोविंदाने मारला, गेला नाही. मग स्ट्रोकवर ४-२ ने हरलो. खडकीतली मोठी माणसं तो स्ट्रोक दोन वर्षं मारत होती, चहाच्या टपरीवर, हातात काठी नसताना. त्या दोन वर्षांचं ओझं घेऊन आम्ही १५ मार्च १९७५ ला रेडिओसमोर बसलो. तुझ्या पाठीवर जर्मनीचं कुठलं ओझं होतं?

मी: ते नंतर सांगते. आधी तुझी फायनल सांग. वाचणाऱ्यांना ती तुझ्या तोंडूनच कळायला हवी.

मामा: आधी उपांत्य सामना. मलेशियाशी, त्यांच्याच घरी. काही मिनिटं उरली होती आणि आपण १-२ ने मागे. असलम शेर खानला बदली म्हणून आत सोडलं. पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्याने गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेतलं आणि चेंडू जाळ्यात मारला. जादा वेळेत हरचरण सिंगचा गोल, ३-२. मग फायनल, क्वालालंपूर, मर्डेका स्टेडियम, समोर पाकिस्तान. जसदेव सिंग यांचं हिंदी समालोचन. सतराव्या मिनिटाला मोहम्मद झाहिदने गोल केला आणि आमच्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मध्यंतरानंतर सुरजितने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. आणि मग अशोककुमार, ध्यानचंदांचा मुलगा. चेंडू गोलखांबाच्या आतल्या कोपऱ्यावर आदळून बाहेर आला. पाकिस्तानचे खेळाडू पंचांना घेरून उभे राहिले, गोल नाहीच म्हणाले. पंच ठाम राहिले. २-१. त्यानंतरची सगळी मिनिटं मी उभ्याने ऐकली. बसलो तर पाकिस्तान गोल करेल अशी माझी खात्री होती.

मी: तो चेंडू तू पाहिला नाहीस.

मामा: नाही. अजूनही माझ्या डोळ्यांसमोर जो गोल आहे तो जसदेव सिंगांच्या आवाजाने केलेला आहे. तरी तो माझा आहे. तू जो डोळ्यांनी पाहिलास तो जर्मनीच्या पेइलाटचा गोल तिथल्याच कुणाचा तरी आहे.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. मामाच्या पिढीला हॉकी कानाने मिळाली. विश्वचषकाचा चेंडू त्यांच्यापर्यंत पोचला तो समालोचकाच्या आवाजातून, आणि आवाजात बाजू असतेच. जसदेव सिंग भारतीय होते, त्यांचा श्वास भारतासाठी वर-खाली व्हायचा. मामाची भक्ती त्या आवाजात घडली. माझ्या पिढीला खेळ डोळ्यांनी मिळाला आणि डोळ्यांना दोन्ही संघ सारखेच दिसतात. आमच्या वादाचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं.

मामा: सांग मग तुझी फायनल.

मी: आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, नेदरलँड्सने ऑस्ट्रेलियाला ३-१ ने हरवलं. मग मैदानावर पुन्हा पाणी मारलं. दिव्यांच्या उजेडात ते निळं टर्फ असं चमकत होतं की पिवळा चेंडू लांबूनही हरवत नव्हता. तू टीव्हीवर बघतोस तेव्हा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. स्टँडमधून मला चेंडू नसलेले वीस जण दिसत होते. बेल्जियमकडे चेंडू असला की त्यांचे बचावपटू इतके रुंद पसरायचे की जर्मनीच्या आघाडीवीरांना कुणाला दाबायचं तेच ठरवता येईना. बेल्जियम तेव्हाचे विश्वविजेते, ऑलिम्पिक विजेतेही तेच. दहाव्या मिनिटाला व्हॅन ऑबेलचा गोल, अकराव्या मिनिटाला कॉसिन्सचा. २-०. पहिलं सत्रसुद्धा संपलं नव्हतं.

मामा: आणि तुला काही वाटलं नाही.

मी: खूप वाटलं. मी तुला ओझ्याचं नंतर सांगते म्हटलं होतं ना, ते हेच. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध जर्मनी ०-२ ने मागे होती, अठ्ठावन्नाव्या मिनिटापर्यंत. मॅट्स ग्रॅमबुशने एक फेडला, शेवटच्या मिनिटाला टॉम ग्रॅमबुशने पेनल्टी स्ट्रोकवर दुसरा, आणि शूटआउटवर ते निसटले. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा ०-२. पेइलाटने पेनल्टी कॉर्नरवर तीन गोल केले आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना वेलनने ४-३ केलं. आणि आता फायनलमध्ये तिसऱ्यांदा ०-२. तुझं ओझं दोन वर्षांचं होतं, माझं पाच दिवसांचं. पण स्टँडमध्ये माझ्याभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता: हे पुन्हा करतील का? ज्या माणसाला असा प्रश्न पडला तो परका प्रेक्षक कसा?

मामा: पुढे.

मी: मध्यंतराला एकच मिनिट उरलं असताना वेलनचा गोल. १-२. तिसऱ्या सत्रात पेनल्टी कॉर्नर. तो मला पूर्ण सांगू दे. चार बचावपटू आणि गोलरक्षक गोलरेषेच्या मागे, तोंडावर मुखवटे. चेंडू आत येईपर्यंत त्यांना हलता येत नाही. रेषेवरून चेंडू आत ढकलला जातो, डीच्या टोकावर एक जण तो जागच्या जागी अडवतो, आणि पेइलाट. तो चेंडू मारत नाही. काठीच्या वळणात घेऊन ओढतो, सगळं अंग त्याच्यामागून येतं आणि शेवटच्या क्षणी मनगट सुटतं. पहिला रशर स्वतःच्या अंगावर चेंडू घ्यायला सरळ धावत येतो. त्याच्या धैर्याला मी जर्मनीच्या गोलाइतकीच दाद दिली. एक्केचाळिसावं मिनिट, २-२. अठ्ठेचाळिसाव्याला कर्णधार मॅट्स ग्रॅमबुशने ३-२ केलं. मग बेल्जियमने जे केलं ते मी विसरणार नाही. आता मागे कोण आणि पुढे कोण हे उलटं झालं होतं. ज्यांनी सामना अकरा मिनिटांत जिंकल्यासारखं वाटलं होतं, तेच घड्याळाकडे बघत होते. एकोणसाठाव्या मिनिटाला टॉम बून, पेनल्टी कॉर्नर, ३-३. माझ्या शेजारी राउरकेलाहून आलेले एक आजोबा होते. हॉकी त्या भागात घराघरांत आहे. ते बूनचा गोल झाल्यावर उभे राहिले आणि ग्रॅमबुशच्या गोलालाही ते उभे राहिले होते.

मामा: आणि शेवटी काय? शूटआउट. साठ मिनिटं अकरा-अकरा जणांनी जीव काढायचा आणि निकाल एकेकट्याच्या आठ सेकंदांनी लावायचा. २०१८ च्या विश्वचषकाची फायनल, तिथेच भुवनेश्वरला, ०-० आणि शूटआउट. टोकियो ऑलिम्पिकची, १-१ आणि शूटआउट. ही तुझी २०२३ ची. पॅरिसला २०२४ ला नेदरलँड्स आणि जर्मनी, १-१ आणि पुन्हा शूटआउट. पुरुषांच्या लागोपाठ चार मोठ्या फायनल मैदानावर संपल्याच नाहीत. अशोककुमारचा गोल हा सामन्याचा गोल होता.

मी: मैदानावर संपल्या नाहीत असं कसं म्हणतोस? शूटआउट मैदानावरच होतो. तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटा निघायचं, चेंडू काठीला चिकटवून. गोलरक्षक पुढे येऊ शकतो, जमिनीवर पडू शकतो, कोन बंद करू शकतो. त्याला चकवायचं, उलट्या काठीने वळायचं, आणि हे सगळं आठ सेकंदांत. तुमच्या काळचा पेनल्टी स्ट्रोक म्हणजे साडेसहा मीटरवरून, रेषा सोडता न येणाऱ्या गोलरक्षकावर एक ढकल. हॉकीचं कौशल्य कशात जास्त आहे?

मामा: कौशल्याचं बोलत नाही मी, न्यायाचं बोलतोय.

मी: मग १९९८. बँकॉक, आशियाई खेळांची फायनल, कर्णधार धनराज. कोरियाशी १-१, आणि स्ट्रोकवर ४-२. त्या रात्री तू पेढे वाटलेस, मी लहान होते तरी मला आठवतं. त्या निकालात न्याय होता का?

मामा: होता. बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं होतं, १९६६ नंतर पहिल्यांदा. आशिष बल्लाळने ते स्ट्रोक अडवले तेव्हा मला न्यायच दिसला. आणि त्यानंतर काय झालं तेही मला माहीत आहे. सुवर्ण जिंकून आलेल्या संघातून धनराजला, बल्लाळला, आणखी अनुभवी खेळाडूंना वगळलं. प्रशिक्षक कौशिकही गेले. तू मला न्याय विचारतेस?

यावर मी काही बोलले नाही. त्या निर्णयाबद्दल माझं मत मामासारखंच आहे. बत्तीस वर्षांची प्रतीक्षा संपवणाऱ्या माणसांना असं घरी पाठवणं हा भारतीय हॉकीच्या इतिहासातला एक मोठा अन्याय आहे. मैदानावर हरल्याचं दुःख काळाने कमी होतं. हे दुःख कमी होत नाही.

मामा: तू विषय काढलास म्हणून सांगतो. धनराज चार ऑलिम्पिक खेळला, चार विश्वचषक खेळला. यातल्या एकाही स्पर्धेची फायनल त्याच्या वाट्याला आली नाही. त्याच्याइतका वेगवान आघाडीवीर मी पाहिला नाही. मोडक्या काठ्या बांधून, चिखलात खेळून तो मोठा झाला. आमच्या पोरांनी त्याच मैदानावर त्याच्यासारखं केस वाढवून धावायला सुरुवात केली. विक्रम पिल्ले इथूनच पुढे गेला. तुझा पेइलाट आमच्या गल्लीतून गेला असता तर कुणी ओळखलं नसतं. आणि तो जर्मन तरी कुठे आहे? अर्जेंटिनाचा आहे ना?

मी: होता. आणि त्याची गोष्ट ऐकशील तर तुला खेळाडू आणि देश यांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं ते दिसेल. रिओ ऑलिम्पिक, २०१६, उपांत्य सामना. अर्जेंटिनाने जर्मनीला ५-२ ने हरवलं आणि त्यात पेइलाटचे तीन गोल होते. मग फायनलमध्ये बेल्जियमला हरवून अर्जेंटिनाने सुवर्ण जिंकलं. सात वर्षांनी तोच माणूस, ज्यांना त्याने रडवलं होतं त्यांचाच शर्ट घालून, त्याच बेल्जियमविरुद्ध विश्वचषकाची फायनल खेळतो आणि गोल करतो. जर्मन पाठीराख्याने त्याच्यावर प्रेम करायचं की नाही?

मामा: करतील. त्यांचा गोल केला त्याने.

मी: म्हणजे प्रेम रक्तावर ठरत नाही, खेळावर ठरतं. तू आत्ताच ते कबूल केलंस.

मामा: शर्टावर ठरतं असं म्हणालो. पण असू दे, शूटआउट सांग.

मी: जर्मनीने शूटआउटसाठी गोलरक्षक बदलला. जाँ-पॉल डानेबर्ग नावाचा तरुण मुलगा आत आला. विचार कर, तासभर बाकावर बसून इतरांचा सामना बघायचा, अंगातलं रक्त थंड होऊ द्यायचं नाही, आणि मग एकदम विश्वचषक हातात. समोर बेल्जियमचा विन्सेंट वनाश, टोकियोची फायनल शूटआउटमध्ये जिंकून देणारा. पाच-पाच फेऱ्या झाल्या तरी सुटेना. सडन डेथ. बेल्जियमचा प्रयत्न वाया गेला आणि जर्मन खेळाडू मैदानभर धावत सुटले. जर्मनीचा तिसरा विश्वचषक, २००२ आणि २००६ नंतर. बेल्जियमचे खेळाडू निळ्या टर्फवर बसून राहिले आणि मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की जर्मनी जिंकल्याचा आनंद आणि ते दुःख एकत्रच आलं. आपला संघ खेळत असता तर मला हरलेल्यांकडे बघायला वेळच मिळाला नसता.

मामा: बाळ, हेच मला पटत नाही. दुःख वाटून घ्यायला ताकद लागते. ती ताकद आपल्या संघासाठी ठेव. आपण त्या स्पर्धेत नववे आलो, स्वतःच्या घरी. प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. अशा वेळी भरलेल्या स्टँडमध्ये बसून जर्मनीला टाळ्या वाजवणं मला जमलं नसतं. मला वाटतं, सुंदर स्टेडियमं बांधली, जगाला बोलावलं, आणि आम्ही आपल्याच घरी पाहुणे झालो.

मामाचं हे बोलणं मला लागतं, कारण त्यात राग नाही, काळजी आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं आणि विश्वविजेता भारत सातवा आला. गवतावर शिकलेलं मनगट टर्फच्या वेगापुढे उशिरा पोचलं, आणि देशभर टर्फ घालायला आपण दशकं घेतली. त्या काळात खडकीसारख्या ठिकाणची किती मुलं मातीवरच थांबली असतील. मामा त्यांच्यातला एक आहे. त्याला जर्मनीचा खेळ आवडत नाही असं नाही. तो खेळ आपल्याकडे का नाही, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही.

पण त्याच प्रश्नाचं उत्तर मला त्या फायनलमध्ये दिसलं.

मी: मामा, आपण न्यूझीलंडविरुद्ध ३-१ वरून हरलो आणि जर्मनी तीनदा ०-२ वरून परत आली, यात फरक काय होता ते मला स्टँडमधून दिसलं. मागे पडल्यावर जर्मनीचे पास आखूड झाले नाहीत. त्यांनी लांब मारून नशीब आजमावलं नाही. ३० सेकंद, ४० सेकंद चेंडू स्वतःकडे फिरवत ठेवला, डीमध्ये बचावपटूच्या पायाला चेंडू लागेल अशा जागा शोधल्या आणि पेनल्टी कॉर्नर काढले. ही शिकायची गोष्ट आहे. आणि ती पाहायला बाजू न घेता बसावं लागतं. तू खडकीच्या पोरांना शिकवायला जातोस तेव्हा त्यांना १९७५ सांगतोस. हे पण सांग.

मामा: सांगतो की. मी काय सांगत नाही असं वाटतं तुला? पेइलाटची ड्रॅग फ्लिक मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवतो पोरांना.

मी: मग फायनल बघायला काय हरकत होती?

मामा: फ्लिक बघणं वेगळं. फायनल बघताना काळीज लागतं.

मी: बरं, मग मला एक सांग. १५ मार्च १९७५ ला मर्डेका स्टेडियममध्ये बसलेले लोक कोण होते?

मामा: म्हणजे?

मी: क्वालालंपूरचे. मलेशियाचे. ज्यांचा संघ उपांत्य फेरीत आपल्याकडूनच हरला होता, असलमच्या गोलामुळे, शेवटच्या मिनिटांत. त्यांचं दुःख आपल्या न्यूझीलंडच्या दुःखापेक्षा कमी नव्हतं, जास्तच असेल. तरी ते आले. आपला संघ नसलेली फायनल बघायला मैदान भरून आले. जसदेव सिंगांच्या आवाजामागे तू आयुष्यभर जो गजर ऐकत आलास, अशोककुमारच्या गोलाचा, तो त्यांचा होता. ते घरी बसले असते तर तुझी फायनल रिकाम्या मैदानावर झाली असती.

मामा बराच वेळ बोलला नाही.

मामा: असं कधी मनात आलं नव्हतं.

मी: भुवनेश्वरला आम्ही तेच केलं. ते जर्मनीवर केलेले उपकार नव्हते. हॉकीच्या फायनलला मैदान भरलेलं असलं पाहिजे, मग खेळणारे कुणीही असोत. युरोपात या खेळाला इतके प्रेक्षक मिळत नाहीत. ते आपल्याकडे आहेत. ओडिशाच्या लोकांनी २०१८ ला बेल्जियम आणि नेदरलँड्सची फायनल पाहिली, २०२३ ला ही. गोलशून्य सामन्यालाही उभं राहून दाद देणारी माणसं आहेत ती. ज्या देशात अशी माणसं आहेत तिथे हॉकी मरत नाही.

मामा: ठीक आहे. क्वालालंपूरच्या त्या लोकांसाठी तुझं म्हणणं मी मान्य करतो. पण एक माझंही लिहून ठेव. मलेशियाचे ते लोक घरी जाऊन झोपले असतील. आम्ही रात्रभर जागलो. आणि जागणारे नसले तर पुढच्या पिढीतली पोरं काठी हातात घेत नाहीत.

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. २०२३ च्या फायनलनंतर मी बसने हॉटेलवर आले, जेवले आणि शांत झोपले. टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ ने हरवून कांस्य जिंकलं त्या दिवशी मात्र घरात कुणालाच बसवत नव्हतं. १-३ वरून परत आलो होतो आपण, त्याच जर्मनीविरुद्ध. खडकीच्या मैदानावर पुढच्या आठवड्यात नवी मुलं आली ती त्या कांस्यामुळे, पेइलाटमुळे नाही. मामा म्हणतो ते ओझं खेळ टिकवतं. तरीही सामना कसा जिंकला जातो, मागे पडलेला संघ डोकं कसं शाबूत ठेवतो, हरणाऱ्याची थोरवी कशात असते, हे मला आपल्या संघाने शिकवलेलं नाही. ते मला परक्या फायनलने शिकवलं आणि तेव्हापासून मी भारताचा सामनाही डोळे उघडे ठेवून बघू शकते. म्हणून माझं मत कायम आहे. हॉकीच्या चाहत्याने आपला संघ नसलेली फायनल पाहिलीच पाहिजे, आणि पूर्ण मनाने पाहिली पाहिजे.

ऑगस्ट २०२६ मधला विश्वचषक बेल्जियम आणि नेदरलँड्स मिळून भरवत आहेत, वाव्र आणि ॲम्स्टलव्हीन या दोन गावांत. ॲम्स्टलव्हीन म्हणजे १९७३ ला गोविंदाचा स्ट्रोक हुकला ते गाव. मामाने त्या विश्वचषकाच्या फायनलसाठी आत्तापासूनच शेजाऱ्यांना सांगून ठेवलं आहे, भारत असेल या भरवशावर. तुम्हीही सांगून ठेवा. भारत असला तर उत्तमच. नसला तरी त्या दिवशी टीव्ही बंद करू नका, आणि घरात किंवा शेजारी हॉकीची काठी हातात घेतलेलं एखादं मूल असेल तर त्याला शेजारी बसवून पूर्ण सामना दाखवा.